नांगर रानातला, नांगर पाण्यातला

(सामुदायिक रेडिओवरील 'बचत गटांच्या गप्पा' या मालिकेतलं भाषण)

सगळ्यांची कामं आवरली का? नसतील आवरली तर हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

आज आम्ही बोलणार आहोत होडी बांधून ठेवण्याबद्दल. कुणी म्हणेल, 'आमच्या विहिरीला पाणी नाही आणि ह्या पुण्यातल्या ताया होडीचं काय सांगतात?' पण आमचं काम इंदापूर-दौंडच्या बाजूला चालतं आणि तिथे उजनीच्या पाण्याकाठी घराघरांत होडी आहे. कुणाची मासेमारीची, कुणाची पलीकडच्या काठाला माणसं सोडायची. भिगवण, कुंभारगावला तर हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात, तेव्हा पहाटेपासून होड्या चालू असतात. आता बचत गटांनीही होड्या घ्यायला सुरुवात केली आहे. कर्ज काढून होडी घेताना सगळे विचारतात, इंजिन कुठलं, माणसं किती बसतात. ती रात्री उभी कशी राहणार, हे कुणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं. त्याचीच ही गोष्ट.

आमच्या ओळखीचा दहा जणींचा एक गट आहे. त्यांनी पक्षी दाखवण्यासाठी फायबरची होडी घेतली. प्रस्ताव आम्हीच बसून लिहिला. होडी, इंजिन, जॅकेटं, वल्ही, बोर्ड, सगळं यादीत होतं. दोर नव्हता. दोर काय, घरात असतोच, असं आम्हाला वाटलं. मग कुणाच्या तरी गोठ्यातला प्लॅस्टिकचा दोर आणला, त्याला एक मोठा धोंडा बांधला आणि हंगामभर होडी त्याच्यावर उभी राहिली. मे महिना आला. पक्षी गेले, होडी नुसतीच पाण्यात. आणि एका रात्री वळवाचं वादळ सुटलं.

सकाळी होडी जागेवर नव्हती. धोंडा ओढत ओढत ती पलीकडे गेली होती आणि पाण्यातून वर आलेल्या एका जुन्या भिंतीवर आदळून आदळून तिची कड फुटली होती. इंजिन पाण्याखाली. दुरुस्तीत गटाची चार महिन्यांची बचत गेली. पण पैशापेक्षा वाईट झालं ते बैठकीत. त्या दिवशी होडी बांधायची पाळी जिची होती तिच्यावर सगळ्या तुटून पडल्या. 'हिनं नीट बांधली नाही.' ती रडत म्हणाली, 'ताई, गाठ सुटली का बघा की! गाठ तशीच आहे.' गाठ खरंच तशीच होती. दोर तुटला नव्हता, धोंडाही निसटला नव्हता. तरी होडी गेली होती. त्या बैठकीत गट मोडायचाच राहिला होता.

मग आम्ही काठावरच्या एका मावशींकडे गेलो. मावशींचा जन्म मासेमारीत गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'पोरींनो, तुमच्या घरी शेती हाय ना? मग नांगर कसा चालतो ते म्हाईत नाही का?'

मैत्रिणींनो, आपल्या भाषेत रानातला नांगर आणि होडीचा नांगर, दोन्हीला शब्द एकच आहे. रानात फाळ मातीत घुसतो कशामुळे? नांगर जड आहे म्हणून नाही, तर बैल त्याला पुढे, आडवा ओढतात म्हणून. लोखंडी नांगराची साखळी आखूड केली तर काय होतं? ओढ वर जाते आणि फाळ उथळ चालतो. आणखी आखूड केली तर नांगर मातीबाहेरच येतो. पाण्यातल्या नांगराचं अगदी तसंच आहे. वारा होडीला ओढतो, होडी दोराला ओढते. दोर लांब असला तर ओढ जमिनीलगत, आडवी जाते आणि नांगर तळाच्या चिखलात आणखी रुततो. दोर आखूड असला तर होडी त्याला वर उचलते आणि रुतलेला नांगरही निघून येतो. आमच्या गटाचा दोर पाण्याच्या खोलीच्या दुप्पटसुद्धा नव्हता. म्हणजे चूक पाळीवाल्या बाईची नव्हती. चूक यादी लिहिणाऱ्यांची होती, म्हणजे आमची. पुढच्या बैठकीत आम्ही ते सगळ्यांसमोर कबूल केलं.

आता लांब म्हणजे किती लांब? जगभर शिडाच्या नौका चालवणाऱ्यांचा हिशेब असा आहे की, नुसता दोर असेल तर खोलीच्या सातपट, आणि सगळी लोखंडी साखळी असेल तर चार-पाचपट. खोली मोजायची ती होडीच्या नाकापासून तळापर्यंत. समजा पाणी १० फूट आहे आणि होडीचं नाक पाण्याच्या वर २ फूट आहे. झाले १२ फूट. बाराची सातपट ८४. म्हणजे ८४ फूट दोर सोडायचा. दुपारी दहा मिनिटं थांबायचं असेल, वारा नसेल, होडीत माणूस असेल, तर थोडा कमी चालेल. रात्रभर होडी एकटी ठेवायची असेल तर अजिबात कमी नाही. दोराला दर १० फुटांवर रंगीत चिंधी बांधून ठेवा. अंधारातही हाताला लागते आणि शाळा न शिकलेल्या बाईलाही मोजता येते.

दोर कसला घ्यायचा? शक्यतो नायलॉनचा. तो थोडा ताणतो, त्यामुळे लाटेचा हिसका नांगरापर्यंत जात नाही. गोठ्यातला हलका प्लॅस्टिकचा दोर पाण्यावर तरंगतो, इंजिनच्या पंख्यात अडकतो आणि उन्हात पडून पडून कडक होऊन तुटतो. नांगर आणि दोर यांच्या मध्ये दोन-तीन वाव लोखंडी साखळी लावली तर फार बरं. साखळीच्या वजनानं ओढ खाली राहते आणि तळाच्या दगडांवर दोर घासत नाही. होडीच्या कडेला दोर जिथे घासतो तिथे जुना पाइप चिरून किंवा पोत्याचा तुकडा गुंडाळून बसवा. वादळात दोर तुटतो तो बहुतेक वेळा तिथेच, घासून घासून.

नांगराचा प्रकारही तळ बघून घ्यायचा. चार आकड्यांचा गळासारखा नांगर दगडात, झाडोऱ्यात अडकतो, पण मऊ चिखलात नुसता ओढला जातो. चिखलाला आणि वाळूला रुंद पात्याचा नांगर चांगला. एका प्रकाराला तर इंग्रजीतही रानातल्या नांगराचंच नाव आहे, कारण तो तसाच दिसतो आणि तसाच रुततो.

आता नांगर टाकायचा कसा? टाकायचा नाही, सोडायचा. आधी दोराचं दुसरं टोक होडीला बांधा. हसू नका, नांगर भिरकावला आणि मागोमाग सगळा दोरही पाण्यात गेला, असं भल्याभल्यांचं झालेलं आहे. मग होडीचं तोंड वाऱ्याकडे करा, होडी थांबू द्या आणि नांगर हळूहळू हातानं खाली सोडा. तळ लागला की होडीला मागे जाऊ द्या आणि दोर सोडत राहा. सगळा एकदम सोडला तर त्याचा ढीग नांगरावरच पडतो आणि गुंता होतो. दोर सोडून झाला की बांधा, जरा थांबा, मग इंजिन मागच्या गतीला हळू लावून किंवा वल्ह्यानं होडी मागे ओढून बघा. दोरावर हात ठेवा. दोर ताठ आणि शांत असेल तर नांगर धरला. हाताला खडखड, धक्के लागत असतील तर तो तळावरून घसरतोय. उचला आणि पुन्हा सोडा. पुन्हा करायची लाज वाटू देऊ नका.

धरला असं वाटलं तरी खूण धरून ठेवा. काठावर बाजूला बघा आणि दोन वस्तू एका रेषेत आणा, जसं की पुढे लिंबाचं झाड आणि मागे विजेचा खांब. दहा-पंधरा मिनिटांनी परत बघा. होडी थोडी डोलते, फिरते, ते चालायचंच. पण झाड आणि खांब एकमेकांपासून लांब जातच राहिले तर समजा होडी चालली.

आणि हे करताना आपली काळजी. पदर खोचा. दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवू नका, दोर हाताला गुंडाळू नका. उभ्यानं ओढू नका, खाली बसून ओढा. नांगर नेहमी होडीच्या नाकाकडून सोडायचा, मागच्या बाजूनं कधीही नाही. मागची बाजू खाली असते, तिथे इंजिनचं ओझं असतं आणि लाट तिथूनच आत येते.

आता आमच्या त्या धोंड्याकडे येऊ. पुष्कळ जणी म्हणतात, कायमची जागा करायची तर मोठा दगड टाकला की झालं. पण आडावर पाणी शेंदलेल्या बाईला एक गोष्ट ठाऊक असते. पोहरा पाण्यात असेपर्यंत हलका लागतो, पाण्याबाहेर आला की जड होतो. दगडाचंही तसंच आहे. आपला काळा दगड पाण्यात आपलं साधारण तिसरा हिस्सा वजन गमावतो. सिमेंट काँक्रीटचा ठोकळा तर त्याहून जास्त, शंभर किलोचा ठोकळा पाण्यात साठ किलोच्याही आत भरतो. लोखंड मात्र आठवा हिस्साच गमावतं. म्हणून काठावर चौघींना न हलणारा धोंडा पाण्यात वाऱ्याबरोबर चालू लागतो. ठोकळाच करायचा असेल तर मोठा करा, चिखलात रुतून बसेल असा पसरट करा, त्याला ओतताना जाड लोखंडी कडी बसवा आणि कडीला साखळी, साखळीला दोर, वर तरंगता डबा. शॅकलची पिन तारेनं आवळून ठेवा, नाहीतर ती हलून हलून आपोआप सुटते. महिन्यातून एकदा सगळं हात लावून बघायचं.

कॅरिबियन समुद्राचं नाव आपल्याला वेस्ट इंडिजच्या क्रिकेटमुळे माहीत आहे. तिथल्या बेटांमध्ये शिडाच्या नौकांवर नवरा-बायको, कधी लेकराबाळांसकट महिनोन्‌महिने राहतात. त्यांचं घरच नांगरावर उभं असतं. ती माणसं नांगर सोडला की चष्मा लावून पाण्यात उतरतात आणि तो खरंच रुतलाय का ते डोळ्यांनी बघतात. दुसऱ्यानं पाण्यात सोडलेल्या बांधणीला नौका बांधायची असेल तर आधी तिची साखळी तपासतात. तिथे जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम असतो, तेव्हा बरेच जण तिथून निघून तरी जातात, नाहीतर नौका पाण्याबाहेर काढून ठेवतात. आपल्या उजनीचं पाणी गढूळ, तळ दिसत नाही, म्हणून आपण दोरावर हात ठेवून बघायचं. पण बाकी शहाणपण तेच. दुसऱ्याच्या खुंट्यावर डोळे झाकून विसंबू नये.

उजनीची मात्र एक गोष्ट वेगळी आहे. तिचा काठ जागेवर राहत नाही. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि त्यात कितीतरी गावं, विहिरी, बांध पाण्याखाली गेले. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते बघायला माणसं जातात. देऊळ दिसतं, पण तळाला अजून किती भिंती आणि बुंधे आहेत ते दिसत नाही. नांगर त्यात अडकला तर निघत नाही. म्हणून नांगराच्या डोक्याला, म्हणजे पात्याकडच्या टोकाला, एक वेगळी बारीक दोरी बांधा आणि तिच्या वरच्या टोकाला रिकामा कॅन. अडकला की या दोरीनं उलट्या बाजूनं ओढा, सुटतो.

पाणी चढतं तेव्हा वेगळाच घोळ. हे पाणी येतं कुठून? बरंचसं आमच्या पुण्याकडून. पानशेत, वरसगाव, टेमघर भरले की खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडतात. ते मुळा-मुठेतून भीमेला आणि दौंडवरून उजनीत. २०२४ साल आठवा. उन्हाळ्यात उजनी मृतसाठ्यात खूप खोल गेली होती. २५ जुलैला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला उजनी भरलीसुद्धा. म्हणजे आपण १० फुटांत ८४ फूट दोर सोडून होडी ठेवली आणि पाणी २५ फूट झालं, तर तोच दोर जेमतेम तिप्पट उरतो. आणि होडी ठोकळ्याला आखूड बांधलेली असेल तर पाणी चढताना ठोकळा तिचं नाक खाली ओढून धरतो आणि होडी जागेवर भरून बुडते. पाणी उतरताना उलटं, होडी चिखलात किंवा भिंतीवर तिरकी अडकते.

म्हणून पावसाळ्यात बातम्यांत 'खडकवासल्यातून इतके क्युसेक विसर्ग' असं ऐकलं की ती पुण्याची बातमी म्हणून सोडून देऊ नका. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, आपले दोन मोठे हंडे. दौंडचा विसर्ग वाढला की होडीकडे जाऊन दोर वाढवा. सगळ्यात उत्तम म्हणजे हंगाम संपला की इंजिन काढून घरी न्यायचं आणि दहा जणींनी हात लावून होडी पूर्ण भरलेल्या धरणाच्या पाणरेषेच्याही वर नेऊन पालथी घालायची, वर बांधून ठेवायची. पाण्यात उभ्या होडीत पावसाचं पाणी साचतं ते वेगळंच, ते रोज उपसावं लागतं.

कोकणातल्या मैत्रिणींसाठी दोन शब्द. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना खारफुटी दाखवतात, हे आम्ही अभिमानानं इकडच्या गटांना सांगत असतो. तुमच्याकडे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. म्हणून नांगर सोडताना आत्ताची खोली धरू नका, भरतीची धरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणखी जास्त. ओहोटीला ४ फूट पाणी असेल आणि भरतीला ते ६ फुटांनी वाढणार असेल तर हिशेब १० फुटांचा करा. आणि मालवणजवळ समुद्रात प्रवाळ आहे. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे. प्रवाळावर नांगर पडला की वर्षानुवर्षं वाढलेलं एका क्षणात मोडतं, आणि ते बघायलाच पाहुणे येतात. वाळूचा तळ बघून नांगर सोडा, बांधायची सोय असेल तर तिलाच बांधा.

आता जिवाची गोष्ट. २१ मे २०२४ ला करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जणांचा जीव गेला. काठावरच्या घरांना ती संध्याकाळ विसरता येत नाही. नांगराची सगळी विद्या शिकून घ्या, पण त्याच्या आधीचा नियम एकच. आभाळ काळवंडलं, वारा पडून एकदम गार झुळूक आली, की निघायचं नाही. पाहुणे कितीही घाई करोत. पाण्यात असताना वाऱ्यानं गाठलं तर सगळ्यांना खाली बसवा, जॅकेटं अंगात आधीपासूनच असली पाहिजेत, आणि जवळच्या काठाला लागा. इंजिन बंद पडलं तर नांगर हाच तुमचा ब्रेक. नाकाकडून सोडा, भरपूर दोर द्या. होडीचं तोंड वाऱ्याकडे राहतं आणि आडव्या लाटा अंगावर येत नाहीत. हे जमायचं असेल तर नांगर दोरासकट तयार, वरच हवा. ओझ्याखाली दडपलेला नांगर काही कामाचा नाही.

कुणी म्हणतं, दोर-नांगर बायकांचं काम नाही. खडकवासल्याच्या त्याच पाण्यावर एनडीएचे कॅडेट शिडाच्या होड्या शिकतात आणि २०२२ पासून तिथे मुलीही आहेत. गोव्याहून निघून नौदलाच्या सहा मुलींनी 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून २०१७-१८ मध्ये जगाची फेरी मारली. त्यांच्या नौकेलाही दोर आणि नांगर होतेच. आपल्या दहा जणींना एक होडी सांभाळता येणार नाही का?

शेवटी गटासाठी तीन कामं सांगतो. कर्जाच्या प्रस्तावात होडीखालोखाल नांगर, साखळी आणि दोर लिहा, त्यात काटकसर नको. एक वही करा, त्यात रोज तीन गोष्टी लिहायच्या: पाणी किती फूट, दोर किती सोडला, बांधलं कुणी आणि तपासलं कुणी. बांधणारी एक आणि तपासणारी दुसरी. म्हणजे उद्या काही झालं तर एकटीवर खापर फुटणार नाही. आणि हंगामाच्या आधी एकदा सगळ्या जणी मिळून सराव करा, प्रत्येकीनं नांगर सोडायचा, प्रत्येकीनं उचलायचा.

तुम्ही विचाराल, त्या गटाचं पुढे काय झालं? होडी दुरुस्त झाली. नवा दोर आला, चिंध्या बांधून. वही सुरू झाली. आणि त्या वहीवर 'तपासलं' या रकान्यात ज्या बाईवर आळ आला होता तिचीच सही सगळ्यात जास्त वेळा आहे. सगळ्यांनी मिळून तिलाच ते काम दिलं. परवा वारा सुटला तेव्हा तिचा रात्री आम्हाला फोन आला. आम्ही घाबरून उचलला. ती म्हणाली, 'ताई, काळजी करू नका. जाऊन बघून आले. झाड आणि खांब एका रेषेत आहेत.'

मैत्रिणींनो, आज इथेच थांबतो. तुमच्या गटाकडे होडी असेल तर उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे दोर मोजा.